पुढच्या पाइपच्या आडोशाला मागच्या पाइपवर उलटा जोर का येतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ब्रह्मपुरीकडच्या एका मायनरमध्ये (कालव्याच्या लहान शाखेत), काँक्रीट अस्तराच्या सरळ तुकड्यात, तुम्ही ६३ मिमीचे दोन पीव्हीसी पाइप एकामागे एक उभे केले. एकट्या पाइपवर हुकाचा काटा १८० ते १९० ग्रॅम दाखवत होता. दुसरा पाइप मागे लावल्यावर दोघांमध्ये ५ आणि १० सेंमी जागा असताना मागच्या पाइपचा काटा शून्यावर बसला. १५ सेंमीला तो कधी शून्य, कधी ५०–६० ग्रॅम दाखवू लागला. २० सेंमीला ६० च्या आसपास स्थिर झाला. काटा खराब आहे की मांडणी चुकली, हे तुम्ही विचारता. शिवाय गावाजवळच्या नदीवर जुन्या पुलाच्या वरच्या अंगाला नवा पूल होतो आहे, तर नव्या खांबांच्या आडोशामुळे जुने खांब सुरक्षित होतील का, हाही प्रश्न आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: पाणी जे करते ते तुम्ही बरोबर पकडले आहे, काट्याने मात्र त्यातला अर्धा भाग लपवला. दुसऱ्याचे उत्तर इतके सरळ नाही. ते शेवटी घेतो.

आधी अंतराचा हिशेब नीट करू, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. या विषयातले सगळे आलेख मध्यापासून मध्यापर्यंतच्या अंतरावर काढलेले असतात आणि ते अंतर व्यासाने भागलेले असते. तुम्ही टेपने पृष्ठभागापासून पृष्ठभागापर्यंत मोजले. त्यामुळे तुमच्या प्रत्येक आकड्यात एक व्यास मिळवावा लागेल. ५ सेंमी म्हणजे १.८ व्यास, १० सेंमी म्हणजे २.६, १५ सेंमी म्हणजे ३.४ आणि २० सेंमी म्हणजे ४.२. ही यादी पाहिली की चित्र लगेच उलगडते. दोन सिलिंडरच्या प्रवाहात साधारण ३.४ ते ३.८ व्यासांच्या पट्ट्यात प्रवाहाची सगळी घडण बदलते, आणि तुमचे १५ सेंमी नेमके त्या पट्ट्याच्या उंबरठ्यावर आहे.

तुमचा प्रवाह कोणत्या वर्गात बसतो तेही पाहू. वेग सेकंदाला ०.४ मीटर आणि पाणी ३० अंशांच्या आसपास धरले तर रेनॉल्ड्स अंक (वेग, व्यास आणि पाण्याचा चिकटपणा यांवरून प्रवाहाचा प्रकार सांगणारा अंक) सुमारे ३१,५०० येतो. या भागात एकट्या गोल सिलिंडरचा ड्रॅग गुणांक, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने येणाऱ्या जोराचा (ड्रॅगचा) अंक, १.२ च्या जवळ असतो. पाण्यात ३० सेंमी बुडलेल्या ६३ मिमी पाइपवर त्याने १.८ न्यूटन, म्हणजे १८५ ग्रॅम जोर येतो. तुमचा एकट्या पाइपचा आकडा तिथेच आहे. म्हणजे मूळ मांडणी चांगली आहे आणि वेगही नीट मोजला गेला आहे.

आता दोन पाइपांमधल्या जागेत काय होते ते सावकाश पाहू, सगळी गोम तिथेच आहे. पुढच्या पाइपच्या दोन्ही कडांवरून पाणी सुटते आणि दोन पातळ थर मागे जातात. त्यांना शिअर लेयर म्हणतात. या थरांना गुंडाळून भोवरा व्हायला थोडी मोकळी जागा लागते. मागचा पाइप जवळ असला तर ती जागा मिळत नाही. अगदी जवळ, म्हणजे दीड व्यासाच्या आतबाहेर, हे थर मागच्या पाइपला न शिवता दोघांना मिळून कवेत घेतात आणि भोवरे मागच्या पाइपच्याही पलीकडे सुटतात. पाण्याला ती एकच लांबट वस्तू वाटते. अंतर वाढले की थर मागच्या पाइपच्या पुढच्या अंगावर दोन्ही बाजूंनी येऊन टेकतात. मधली जागा तरीही कोंडलेलीच राहते आणि तिथे पाणी मंद फिरत राहते. या कोंडलेल्या जागेतला दाब बराच कमी असतो. तोच कमी दाब मागच्या पाइपच्या तोंडावर असतो, आणि त्याच्या पाठीमागचा दाब त्याहून जास्त असतो. म्हणून मागचा पाइप प्रवाहाच्या विरुद्ध, पुढच्या पाइपकडे ओढला जातो. गुळगुळीत प्रवाहातल्या मोजण्यांत दीड ते तीन व्यासांदरम्यान मागच्याचा ड्रॅग गुणांक साधारण उणे ०.२ ते उणे ०.४ येतो आणि अंतर वाढेल तसा शून्याकडे सरकतो. तुमच्या मांडणीत याचा अर्थ उलट्या दिशेने ३० ते ६० ग्रॅम. कालव्याचे पाणी मुळातच ढवळलेले असल्याने तुम्हाला थोडे कमी मिळेल.

हुकाचा काटा फक्त ओढ मोजतो. ढकल आली की दोरी सैल पडते आणि तो शून्य दाखवतो. तुमचे ५ आणि १० सेंमीचे शून्य हे खरे शून्य नाही, ते ऋण आकडे आहेत.

पुढे १५ सेंमीची गोष्ट. अंतर पुरेसे वाढले की पुढच्या पाइपच्या थरांना मधल्या जागेतच गुंडाळायला वाव मिळतो आणि पुढचा पाइप स्वतःचे भोवरे सोडू लागतो. कोंडी फुटते, पाणी मागच्या पाइपच्या तोंडावर येऊन आदळते आणि त्याचा ड्रॅग एका उडीत धन होतो, गुणांक सुमारे ०.३ ते ०.४. तुमचे ५०–६० ग्रॅम हेच आहेत. हा बदल हळूहळू होत नाही. उंबरठ्याजवळ दोन्ही अवस्था शक्य असतात आणि प्रवाह एकीतून दुसरीत आपोआप उलटतो, काही काळ तिथे टिकतो, पुन्हा परततो. शिवाय पाइप जवळून लांब नेताना उडी ज्या अंतरावर येते, लांबून जवळ आणताना ती त्याच अंतरावर येईल असे नाही. म्हणून ‘१५ सेंमीला सरासरी ३० ग्रॅम’ असे कृपा करून लिहू नका. तो आकडा दोन वेगळ्या प्रवाहांची भेसळ होईल आणि कोणत्याच प्रवाहाचा नसेल. दोन्ही अवस्थांचे आकडे वेगळे द्या आणि दहा मिनिटांत प्रवाह कोणत्या अवस्थेत किती वेळ राहिला ते सांगा.

काटा बिघडला की पाणी उलटले, हे ओळखायची एक पक्की खूण आहे: पुढच्या पाइपलाही काटा लावा. मागचा पाइप जवळ असताना पुढच्याचा ड्रॅग एकट्यापेक्षा कमी असतो, गुणांक १.० च्या आसपास किंवा थोडा खाली, कारण भोवरे त्याच्या पाठीपासून दूर ढकलले जातात आणि पाठीवरची ओढ घटते. भोवरे मधल्या जागेत होऊ लागले की ही ओढ परत येते. म्हणजे मागच्याचा आकडा ज्या क्षणी शून्याखालून वर उडी घेईल, त्याच क्षणी पुढच्याचाही वर जायला हवा. दोन्ही एकदम हलले तर पाणी उलटले. एकच हलला तर दोरी, कप्पी किंवा अडकलेला कचरा तपासा. ही बाब १९३३ पासून नोंदलेली आहे. बियरमन आणि हर्नस्टाइन यांनी विमानाच्या दांड्यांसाठी एकामागे एक सिलिंडर ठेवून केलेल्या मोजण्यांत मागच्या दांड्यावरचा उलटा जोर आणि ठरावीक अंतरावरची उडी दोन्ही आढळतात. १९७७ मध्ये झद्राव्हकोविच यांनी या प्रवाहांची वर्गवारी केली आणि १९८१ मध्ये इगाराशी यांनी उंबरठ्याजवळची दुहेरी अवस्था बारकाईने मांडली.

आता मोजणी कशी सुधारायची. पाइप वरून बिजागरीवर टांगा आणि बिजागरीचा आस प्रवाहाला आडवा ठेवा, म्हणजे पाइप फक्त प्रवाहाच्या दिशेने पुढे-मागे हलेल. साध्या दोरीने किंवा हुकाने टांगू नका. सुमारे पाऊण मीटर लांबीच्या लोंबत्या पाइपची स्वतःची झुलण्याची गती हवेतच सेकंदाला ०.७ वेळा असते, पाण्यात आणखी कमी. तुमचे भोवरे एकट्या पाइपमागे सेकंदाला सुमारे १.३ जोड्या सुटतात, कारण स्ट्रौहाल अंक (भोवरे सुटण्याच्या गतीचे वेग आणि व्यासाशी नाते सांगणारा अंक) ०.२ गुणिले ०.४ भागिले ०.०६३. वेग निम्म्याच्या आसपास उतरला आणि पाइपला आडवे हलायची मोकळीक असली की दोन्ही जुळतात. मग पाइप आडवा डोलू लागतो आणि डोलणाऱ्या पाइपचा ड्रॅग वेगळाच येतो. मागच्या पाइपला हा धोका जास्त, कारण उडीनंतर पुढच्याचे भोवरे एकेक करून त्याच्यावर आपटतात. आडवा हादरा तिथे एकट्या पाइपपेक्षा बराच मोठा असतो, जरी सरासरी ड्रॅग कमी असला तरी.

बिजागरी पाण्याच्या पातळीपासून ३० सेंमी वर ठेवा. बुडालेला भाग ३० सेंमी, त्याचा मध्य बिजागरीपासून ४५ सेंमी खाली. वरच्या बाजूला एक हलकी पट्टी ४५ सेंमी उंच काढा आणि काटा तिच्या टोकाला बांधा. दोन्ही हात समान असल्याने काट्यावरचा आकडा हाच पाइपवरचा जोर. काटा खालच्या अंगाला, म्हणजे पाणी जाते त्या बाजूला बांधायचा. त्याच टोकाला वरच्या अंगाने दुसरी दोरी बांधून ती बेअरिंगच्या कप्पीवरून घ्या आणि २०० ग्रॅमचे वजन लटकवा. आता स्थिर पाण्यात काटा २०० दाखवेल. २४० आले तर जोर ४० ग्रॅम, १६० आले तर उणे ४०. एवढ्या एका वजनाने तुमचे हरवलेले ऋण आकडे परत मिळतील.

पाइप टांगलेला असल्याने तिरपा झाला की त्याचे वजनच त्याला परत ओढते आणि वाचन चुकते. म्हणून काट्याचे टोक पुढे-मागे सरकवून पाइप ओळंब्याला आणायचा आणि मगच आकडा वाचायचा. रिकामा बंद पाइप पाण्यात वर उचलला जातो. त्यात ओली रेती भरून बूच बसवा. कप्पीचे घर्षण ५–१० ग्रॅम सहज खाते, म्हणून वाचण्याआधी चौकटीला बोटाने दोन-चार टिचक्या मारा. कोरड्यात, बिजागरीखाली ४५ सेंमीवर माहीत असलेले ५० ग्रॅम आडवे ओढून काटा तेवढेच दाखवतो का ते एकदा तपासा.

पाइपचे खालचे टोक तळाला टेकले की मोजणी गेली. तळावर एक सपाट पत्रा वजन ठेवून बसवा आणि पाइप त्याच्यापासून ४–५ मिमी वर राहू द्या. प्रत्येक वाचन किमान दोन मिनिटांचे घ्या, म्हणजे भोवऱ्यांच्या दीडशेच्या आसपास जोड्या त्यात येतात. जोर सतत थरथरत असल्याने पाच सेकंदांच्या आकड्याला काही अर्थ नाही.

वेगातली चूक वर्ग होऊन येते. वेग ५ टक्के चुकला की गुणांक १० टक्के चुकला. अर्धी भरलेली बाटली ५ मीटर सोडून वेळ घेत असाल तर तो पृष्ठभागाचा वेग आहे. त्याला ०.८५ ने गुणून सरासरी काढा. पण माझा सल्ला याहून सोपा आहे: प्रत्येक जोडीच्या वाचनाआधी आणि नंतर एकट्या पाइपचे वाचन त्याच जागी घ्या आणि सगळे आकडे त्याच्या गुणोत्तरात मांडा. पाणीपाळीत वरचे गेट कुणी थोडे उचलले, पातळी दोन सेंमी वाढली, तरी गुणोत्तर टिकते. आधीचे आणि नंतरचे वाचन ५ टक्क्यांहून जास्त वेगळे आले तर मधले सगळे टाकून द्या. अस्तरावर खडूने पातळीची रेघ मारून ठेवलीत तर हे लगेच कळते.

पाइप खरोखर एका रेषेत आहेत का? कालव्याच्या काठाला समांतर म्हणजे प्रवाहाला समांतर असे नाही, वळणानंतर पाणी बराच काळ तिरके चालते. वर १०–१५ मीटर सरळ भाग असलाच पाहिजे. तपासायची रीत अशी: मागचा पाइप मधल्या जागेपासून १ सेंमी डावीकडे, मग १ सेंमी उजवीकडे सरकवून ड्रॅग मोजा. दोन्ही आकडे सारखे आले तर रेषा बरोबर. नाहीतर जिकडे कमी आला तिकडे थोडे सरकवून पुन्हा बघा. मागचा पाइप किंचित बाजूला निघाला तरी एका अंगाने जोरात पाणी त्याला लागते, ड्रॅग वाढतो आणि आडवा जोरही येतो. ३ मिमीपेक्षा जास्त तिरकेपणा ठेवू नका.

भोवरे पाहायला धानाचे तूस उत्तम. गढूळ पाण्यात रंग दिसत नाही, तूस मात्र वर तरंगते. पुढच्या पाइपच्या हातभर वर मूठभर सोडा आणि बांबूला मोबाइल बांधून वरून चित्रण करा. साधे सेकंदाला ३० फ्रेमचे चित्रण पुरते. कोंडलेल्या अवस्थेत तूस दोन पाइपांच्या मध्ये शिरून तिथेच घोटाळत राहते. उडी झाली की ते आलटून पालटून डाव्या-उजव्या अंगाने बाहेर फेकले जाते. भोवऱ्यांची गतीही मोजा. कोंडलेल्या अवस्थेत स्ट्रौहाल अंक ०.१५ च्या आसपास उतरतो आणि उडीनंतर एकट्याच्या ०.२ कडे परत चढतो, दोन्ही पाइपांमागे एकाच गतीने. म्हणजे दोन काटे आणि भोवऱ्यांची गती, असे तीन स्वतंत्र साक्षीदार तुमच्याकडे होतील.

गवत, प्लास्टिक आणि शेवाळाचे धागे पुढच्या पाइपला अडकतात. एक गवताची काडी आडवी बसली तरी थर सुटण्याची जागा बदलते. दर वाचनाआधी पाइप हाताने पुसा. कचरा अडवायला जाळी लावायचीच असेल तर ८–१० मीटर वर लावा. जवळची जाळी पाणी ढवळते आणि ढवळलेल्या पाण्यात थर लवकर गुंडाळतात, म्हणून उडी कमी अंतरावर येते. याच कारणाने दुसऱ्या कालव्यात तुम्हाला ३.४ ऐवजी ३ च्या जवळही उडी मिळू शकते. तो आकडा पाइपांचा एकट्याचा नाही, पाण्याच्या ढवळण्याचा आणि रेनॉल्ड्स अंकाचाही आहे. आणि मायनरमध्ये उतरण्याआधी पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयाला कळवा. शेवाळलेल्या अस्तरावरून पाय घसरतो, काठावर दोरी धरून एक जण हवाच.

तुमच्या मित्राने संगणकावर रेनॉल्ड्स अंक २०० ला केलेल्या द्विमितीय गणिताशी हे आकडे जुळवू नका. तिथेही उडी साडेतीन-चार व्यासांच्या आसपास येते, मागच्याचा ड्रॅग जवळ असताना ऋणही येतो, म्हणून चित्र सारखे वाटते. पण रेनॉल्ड्स अंक १९० च्या आसपास ओलांडला की एकट्या सिलिंडरमागचा प्रवाहच त्रिमितीय होतो. ३१,५०० ला द्विमितीय गणित ड्रॅग फुगवून सांगते.

पुलाकडे वळू. समजा खांबांचा व्यास १.८ मीटर आणि दोन पुलांच्या खांबांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत १२ मीटर. ते ६.७ व्यास झाले, म्हणजे उडीच्या बरेच पलीकडे. नवा खांब आपले भोवरे पूर्ण सोडणार आणि ते जुन्या खांबावर येणार. सरासरी जोर आडोशामुळे कमी होईल हे खरे, इतक्या अंतरावरही तो एकट्यापेक्षा बराच कमी असतो. पण तुमचे गुणांक तिथे लावू नका. पुराच्या वेगाला तिथला रेनॉल्ड्स अंक काही दशलक्षांत जातो, थर सुटण्याची जागा बदलते, आणि जुने खांब बहुधा दगडी, टोकदार तोंडाचे असतात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पूल पाण्याच्या ढकलीने सहसा पडत नाही, पायाखालची रेती निघून गेल्याने पडतो. खांबाच्या तोंडाशी पाणी खाली वळते, तळाशी घोड्याच्या नालेच्या आकाराचा भोवरा बनतो आणि खड्डा पडतो. मागच्या खांबाच्या तोंडाशी वेग कमी आणि पुढच्या खड्ड्यातली रेती त्याच्याकडे येते, म्हणून सरळ प्रवाहात मागचा खड्डा अनेकदा उथळ राहतो. पण पुढच्याचे भोवरे तीच रेती उचलूनही नेतात. दोन खांब जवळ असतील तर पुढच्या खांबाचा खड्डाही मागच्यामुळे थोडा वाढतो. आणि वैनगंगेसारख्या रुंद, रेतीच्या पात्रात मुख्य धार दरवर्षी जागा बदलते. धार १०–१५ अंश तिरकी आली की जुना खांब आडोशातून बाहेर पडतो आणि नव्याच्या कडेचे वेगवान पाणी त्याच्या एका अंगाला लागते. त्यात पुरात वाहून आलेली झाडे दोन पुलांच्या मध्ये अडकली तर खांबाची रुंदी कैक पटींनी वाढल्यासारखे होते.

नवा पूल आयआरसी ७८ (इंडियन रोड्स काँग्रेसची पुलांच्या पायांची नियमावली) प्रमाणे खोल पायावर होईल. त्यात खांबापाशी खरवडीची (पुराने तळाची रेती निघून जाण्याची) खोली सरासरी खरवडीच्या दुप्पट धरतात. जुन्या पुलाचा पाया किती खोल आहे हे मात्र बांधकाम विभागाच्या जुन्या नकाशातच कळेल. तो आकडा मिळवा. मग दोरीला वजन बांधून प्रत्येक जुन्या खांबाच्या तोंडाशी, दोन्ही अंगांना आणि पाठीशी तळाची खोली मोजा, एकदा मेअखेर आणि एकदा पूर ओसरल्यावर, पुलाच्या एकाच ठरावीक खुणेपासून. पुरातला खड्डा ओसरताना रेतीने अर्धवट भरतो, म्हणून नंतरचे वाचन खऱ्या खोलीपेक्षा कमीच दाखवेल. तरीही नवा पूल होण्याआधीचे एका पावसाळ्याचे आकडे तुमच्याकडे असले तर पुढच्या वर्षी फरक दाखवता येईल, आणि तो फरक लेखी देता येईल.